अनादि विश्वाचा दावा आणि त्याची कसोटी

विश्वाला आरंभ आहे का आणि अवकाशाला कुठे शेवट आहे का, हे दोन प्रश्न माणसाने आजवर जोडीनेच विचारले. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८१ साली शुद्ध बुद्धीची चिकित्सा करताना दोन्ही प्रश्न एकाच कोड्यात बांधले. काळाला आरंभ आहे आणि अवकाशाला सीमा आहे हे तर्काने सिद्ध करता येते. काळ अनादि आहे आणि अवकाश अमर्याद आहे हेही तितक्याच ठाम तर्काने सिद्ध करता येते. तेव्हा हा प्रश्न मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेरचा समजावा, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढची दीडशे वर्षे त्या निष्कर्षाला कुणी फारसा धक्का लावू शकले नाही. तो बसला १९४८ ते १९६५ या सतरा वर्षांत, आणि कोड्याचा निदान अर्धा भाग वेधशाळेत मोजून तपासता येतो हे दिसून आले. हा इतिहास बहुधा विजेत्यांच्या बाजूने सांगितला जातो: महास्फोटाचा सिद्धांत जिंकला, स्थिर स्थितीचा हरला. मला तो पराभूतांच्या बाजूने सांगावासा वाटतो. काळ अनादि आहे असे म्हणणाऱ्यांनी आपला दावा इतक्या नेमकेपणाने मांडला की तो खोटा ठरवणे शक्य झाले. आणि तो खोटा ठरला तेव्हा जे सिद्ध झाले, ते आज सर्रास सांगितले जाते त्यापेक्षा बरेच कमी होते.

या प्रश्नाविषयीचा पहिला भौतिक पुरावा दुर्बिणीशिवाय मिळणारा आहे. रात्रीचे आकाश काळे दिसते. जर्मन वैद्य आणि खगोलअभ्यासक हाइन्रिख ओल्बर्स यांनी १८२३ मध्ये मांडलेला आणि त्यांच्या आधी एडमंड हॅली व शेझो यांनी हाताळलेला मुद्दा असा, की तारे अनंत अवकाशात सारखे विखुरलेले असतील आणि अनंत काळापासून जळत असतील, तर नजर कुठल्याही दिशेला वळवली तरी ती शेवटी एखाद्या ताऱ्यावरच जाऊन थांबली पाहिजे आणि सारे आकाश सूर्यबिंबासारखे तळपले पाहिजे. मधल्या धुळीने प्रकाश अडतो, हे ओल्बर्स यांचे उत्तर टिकणारे नव्हते. कारण अनंत काळ प्रकाश शोषणारी धूळ स्वतःच तापून तेवढीच उजळेल. योग्य दिशा दाखवली ती १८४८ मध्ये एडगर ॲलन पो या साहित्यिकाने आणि १९०१ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी: फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला पुरेसा काळच लोटलेला नाही. अनंत अवकाश, अनंत काळ आणि कधीही न बदलणारे स्तब्ध विश्व या तीन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, एवढे काळ्या आकाशाने सांगितले. तिघांतली कोणती सोडायची, हे मात्र त्याने सांगितले नाही.

आइनस्टाइन यांनी १९१७ मध्ये अवकाशाची अनंतता सोडली. त्यांच्या विश्वाचे आकारमान मर्यादित होते, पण त्याला कड नव्हती. काळ मात्र दोन्ही दिशांना अमर्याद होता. विश्व स्तब्ध ठेवण्यासाठी त्यांना आपल्या समीकरणात एक जादा स्थिरांक घालावा लागला. अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आणि जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये दाखवले, की त्याच समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व सहज निघते. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी दीर्घिका जितक्या दूर, तितक्या अधिक वेगाने आपल्यापासून लांब जात असल्याचे निरीक्षण प्रसिद्ध केले. हे प्रसरण उलट दिशेने मोजत गेले तर एका क्षणी सारे द्रव्य एकत्र येते. तो क्षण किती जुना? हबल यांच्या आकड्यांनुसार दोनशे कोटी वर्षांहूनही कमी. इथे अडचण उभी राहिली. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून पृथ्वीचे वय काढणाऱ्या आर्थर होम्स यांचे १९४० च्या दशकातले उत्तर तीनशे कोटी वर्षांच्या वर गेले होते. विश्वापेक्षा पृथ्वी म्हातारी निघत होती. स्थिर स्थितीचा सिद्धांत हा काही लहरी तत्त्वज्ञांचा खेळ होता असे मानणाऱ्यांनी ही विसंगती लक्षात घ्यावी. १९४८ साली आरंभवादी चित्र उघड उघड पुराव्याच्या विरोधात होते.

स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडणारे तिघेही तरुण होते. यॉर्कशरचे फ्रेड हॉइल आणि व्हिएन्नाहून आलेले हर्मन बाँडी व थॉमस गोल्ड. ऑस्ट्रियन असल्यामुळे बाँडी आणि गोल्ड यांना ब्रिटनने युद्धाच्या सुरुवातीला नजरकैदेत टाकले होते. नंतर त्याच ब्रिटनने त्यांना नौदलाच्या रडार संशोधनावर घेतले, आणि तिथे हॉइल यांच्याशी त्यांची गाठ पडली. युद्धानंतर तिघे केंब्रिजमध्ये होते. ‘डेड ऑफ नाइट’ हा भुताखेतांचा चित्रपट जिथे सुरू होतो तिथेच येऊन संपतो. तो पाहिल्यावर गोल्ड यांना विश्वही असेच असेल का असा प्रश्न पडला, अशी हकीकत त्यांनीच सांगितली आहे. १९४८ मध्ये बाँडी–गोल्ड यांचा एक आणि हॉइल यांचा दुसरा असे दोन निबंध रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आले. दावा एवढाच होता: विश्व मोठ्या प्रमाणावर पाहिले तर कुठूनही सारखे दिसते, आणि केव्हाही सारखे दिसते. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात, पण मोकळ्या झालेल्या जागेत नवे द्रव्य निर्माण होते आणि त्यातून नव्या दीर्घिका घडतात. एखाद्या गावात माणसे जन्मतात, म्हातारी होतात, मरतात, पण गावातल्या लहानथोरांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते, तसे हे विश्व. त्याला वय नाही, म्हणून पृथ्वीच्या वयाचा पेचही नाही. त्याचे अवकाश अमर्याद आणि काळ अनादि-अनंत. प्रसरणामुळे दूरचा प्रकाश क्षीण होत जातो, म्हणून आकाशही काळेच.

नव्या द्रव्याच्या निर्मितीवर सगळ्यात मोठा आक्षेप आला. पदार्थ शून्यातून निर्माण होत नाही हा भौतिकशास्त्राचा पायाच इथे मोडतो, असे टीकाकार म्हणाले. बाँडी आणि गोल्ड यांचे उत्तर मला आजही वजनदार वाटते. एका घनमीटर जागेत अब्जावधी वर्षांत हायड्रोजनचा एखाद-दुसरा अणू, एवढाच निर्मितीचा वेग हवा होता. अक्षय्यतेचा नियम प्रयोगशाळेत इतक्या सूक्ष्म पातळीवर कुणीही तपासलेला नव्हता. शिवाय प्रतिस्पर्धी सिद्धांतातही निर्मिती आहेच, फक्त ती सारी एका क्षणी घडते, आणि तो क्षण निरीक्षणाच्या पलीकडे ठेवलेला आहे. हॉइल यांनी पुढे जाऊन निर्मितीचे एक क्षेत्र आइनस्टाइन यांच्या समीकरणांत घातले. त्या क्षेत्राची ऊर्जा ऋण असल्याने हिशेब जुळत होता. ज्या सिद्धांतात सारे द्रव्य एकाच क्षणी प्रकटते, त्याला हॉइल यांनी २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीच्या भाषणात जे नाव दिले, तेच पुढे त्याला चिकटले: बिग बँग, महास्फोट.

दुसरा आक्षेप हेतूंवर होता आणि तो अजूनही ऐकू येतो. हा वाद खरे तर आस्तिक-नास्तिकांचा होता, असे म्हणतात. त्याला निमित्तही होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाँटिफिकल अकॅडमीपुढे बोलताना विश्वाच्या आरंभाचा विज्ञानाला लागलेला शोध ही सृष्टिकर्त्याच्या बाजूची साक्ष मानली, आणि हॉइल यांनी आपली निरीश्वरवादी मते कधी लपवली नाहीत. पण कुणाला काय आवडत होते यावरून कोण बरोबर होता हे ठरत नाही. लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, आणि भौतिकशास्त्रातल्या आरंभाचा धर्मातल्या निर्मितीशी संबंध जोडू नये असा त्यांचाच आग्रह होता. याहून महत्त्वाचे हे, की स्थिर स्थितीचे पुरस्कर्ते पराभवाला सामोरे जायला तयार होते. बाँडी हे कार्ल पॉपर यांच्या विचाराचे होते. जो सिद्धांत खोटा ठरू शकत नाही तो विज्ञानाच्या कामाचा नाही, ही त्यांची धारणा. विश्व केव्हाही सारखेच दिसते असे एकदा म्हटले, की दूरच्या, म्हणजेच जुन्या विश्वात आजच्यापेक्षा वेगळे काही दिसताच सिद्धांत संपतो. आरंभवाद्यांना त्या काळी आपले आकडे हवे तसे बसवून घेण्याची बरीच मोकळीक होती. अनादिवाद्यांनी स्वतःला ती ठेवली नाही.

हे आव्हान मार्टिन राइल यांनी घेतले. तेही केंब्रिजचेच, तेही युद्धकाळात रडारवर काम केलेले. आकाशातले रेडिओ स्रोत मोजून त्यांनी एक सोपा हिशेब मांडला. स्रोत सगळीकडे सारखे विखुरलेले असतील आणि प्रसरणाचा परिणाम सोडून दिला, तर आधीच्या एक-चतुर्थांश तेजाचे स्रोतही मोजायला घेतल्यावर एकूण संख्या आठपट व्हायला हवी. स्थिर स्थितीत ती आठपटीपेक्षा थोडी कमीच भरेल. १९५५ मध्ये राइल यांनी सुमारे दोन हजार स्रोतांच्या यादीवरून जाहीर केले, की क्षीण स्रोत प्रमाणाबाहेर जास्त आहेत. म्हणजे पूर्वीचे विश्व वेगळे होते आणि स्थिर स्थिती बाद झाली. पण सिडनीत बर्नार्ड मिल्स यांच्या गटाने आकाशाचा तोच भाग तपासला तेव्हा दोन्ही याद्या जुळेनात. राइल यांच्या दुर्बिणीत शेजारशेजारचे क्षीण स्रोत मिसळून एकच ठळक स्रोत असल्याचा भास होत होता. पहिला पुरावा मागे पडला. पण राइल यांनी अधिक चांगली उपकरणे बांधली आणि मोजणी पुन्हा केली. या चिकाटीबद्दल त्यांचे श्रेय कुणीही कमी करू नये.

फेब्रुवारी १९६१ मध्ये नवे आकडे तयार झाले. मुलार्ड या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या पैशावर राइल यांची वेधशाळा उभी राहिली होती. कंपनीने लंडनमध्ये पत्रकारांना बोलावले आणि हॉइल यांनाही आमंत्रण दिले. काय जाहीर होणार याची त्यांना कल्पना नव्हती, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. आकड्यांचा कल आठपटीऐवजी सुमारे बारापट वाढीकडे होता. सायंदैनिकांनी बायबल बरोबर ठरल्याचे मथळे दिले. लगेच १० तारखेला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत राइल यांचे व्याख्यान होते, आणि हॉइल यांना आधी ठरलेल्या कार्यक्रमामुळे तिथे जाता येणार नव्हते. उत्तर देण्याची जबाबदारी त्यांनी आपल्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर टाकली. कोल्हापूरला जन्मलेले, बनारसला वाढलेले, रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकर यांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांना संशोधन सुरू करून तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते. हॉइल आणि नारळीकर यांनी मिळून असे दाखवले होते, की दीर्घिकांचे वितरण मोठ्या अंतरांवर विषम असेल आणि आपण तुलनेने विरळ भागात असू, तर जवळचे ठळक स्रोत कमी भरतील आणि विश्व न बदलताही क्षीण स्रोतांचे प्रमाण जास्त दिसेल. संगणकावर कृत्रिम विश्वे तयार करून त्यांनी हे तपासले. त्या काळी खगोलशास्त्रात ही पद्धत अगदी नवी होती. दीर्घिका प्रचंड समूहांत आणि पोकळ्यांभोवती विखुरलेल्या असतात, हे पुढे निरीक्षणांतून कळलेच. पण त्यामुळे सिद्धांत वाचला नाही, कारण राइल यांच्या आकड्यांमधला फरक तेवढ्याने पुरता भरून निघत नव्हता.

नंतर एकामागून एक आघात झाले. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी पहिल्या क्वासारचे, म्हणजे अतिदूरच्या अतितेजस्वी स्रोताचे, अंतर ओळखले, आणि थोड्याच वर्षांत क्वासार जवळ विरळ व दूर दाट असल्याचे स्पष्ट झाले. स्थिर स्थितीचे खंदे समर्थक डेनिस शियामा यांनी मार्टिन रीस यांच्यासोबत स्वतःच ही मोजणी केली आणि पुराव्यापुढे आपले मत सोडले. १९६४ मध्ये हॉइल आणि रॉजर टेलर यांनी दाखवून दिले, की विश्वात दिसणारे सारे हेलियम सामान्य ताऱ्यांमध्ये तयार होऊ शकत नाही. त्याला प्रचंड तापमानाची एखादी वेगळी भट्टी हवी. आपल्याच सिद्धांताला अडचणीचा हा हिशेब हॉइल यांनी निःसंकोच छापला. १९६५ मध्ये अर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांना न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनामध्ये सर्व दिशांनी सारखे येणारे, सुमारे ३.५ केल्विन तापमानाचे सूक्ष्मतरंग प्रारण सापडले. तप्त आरंभीच्या विश्वाचे अवशेष म्हणून अशा प्रारणाचे भाकीत राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच केले होते, म्हणजे स्थिर स्थितीचा जन्म झाला त्याच वर्षी. ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘नेचर’मध्ये हॉइल यांनी लिहिले, की मूळ स्वरूपातला स्थिर स्थितीचा सिद्धांत आता सोडून द्यावा लागेल.

मग नेमके काय सिद्ध झाले? विश्व बदलते, आणि ते कधीकाळी फार दाट व फार तप्त होते, हे सिद्ध झाले. काळाला आरंभ आहे हे मात्र सिद्ध झाले नाही. तो निष्कर्ष समीकरणे मागे ताणत नेल्यावर निघतो. समीकरणे अनंत घनतेच्या बिंदूपाशी पोचतात ती केवळ विश्व सगळीकडे एकसारखे मानल्यामुळे, अशी शंका पूर्वी होती. तिचे निरसन करण्याची वाट १९५५ मध्ये कोलकात्यात अमलकुमार रायचौधुरी यांनी मोकळी केली. त्यांच्या समीकरणाच्या आधारे रॉजर पेनरोज आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९६५ ते १९७० या काळात दाखवले, की काही साध्या गृहीतकांखाली आइनस्टाइन यांचा सिद्धांत अशा टोकाला जाणे अटळ आहे. हॉकिंग यांच्या प्रबंधाचे पहिलेच प्रकरण हॉइल–नारळीकर यांच्या गुरुत्व सिद्धांतावरच्या टीकेचे आहे, ही या इतिहासातली एक लक्षणीय नोंद. पण या प्रमेयांतली ‘काही गृहीतके’ महत्त्वाची आहेत. ऊर्जा ऋण असू शकते, दाब ऋण असू शकतो असे मानले, की प्रमेयांचा पाया हलतो. हॉइल यांच्या निर्मितीक्षेत्रात नेमके हेच होते. १९६६ मध्ये हॉइल आणि नारळीकर यांनी अशा क्षेत्रामुळे वेगाने फुगणाऱ्या अनादि विश्वाचे आणि त्यात आपला परिसर एखाद्या बुडबुड्यासारखा असल्याचे चित्र मांडले. १९८१ नंतर ॲलन गुथ आणि इतरांनी मांडलेल्या विस्फारणाच्या (इन्फ्लेशनच्या) सिद्धांताशी त्याचे साम्य इतके आहे, की ते काम अधिक उद्धृत व्हायला हवे होते असे मला वाटते. विस्फारण भविष्यात कधीच संपत नसेल, तर भूतकाळातही ते अनादि असू शकेल का? २००३ मध्ये अरविंद बोर्ड, गुथ आणि अलेक्झांडर विलेंकिन यांनी सिद्ध केले, की सतत प्रसरण पावत आलेले विश्व मागे अनंतापर्यंत तसेच नेता येत नाही. पण त्याआधी काय होते, आकुंचन होते की दुसरेच काही, हे ते प्रमेय सांगत नाही.

नारळीकर यांच्यावर पुढच्या आयुष्यात हटवादाचा आरोप झाला. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी स्थिर स्थितीचा नवा, दोलायमान अवतार मांडला. त्यात विश्व दीर्घ मुदतीत पसरते, आणि सुमारे पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांत फुगते व आक्रसते. सूक्ष्मतरंग प्रारण हे ताऱ्यांचाच जुना प्रकाश, लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांसारख्या कणांनी शोषून पुन्हा सोडलेला, असे त्यांचे म्हणणे होते. ते टिकले नाही. जानेवारी १९९० मध्येच कोबे उपग्रहाने दाखवलेला या प्रारणाचा आलेख आदर्श औष्णिक वक्राशी तंतोतंत जुळत होता. त्या प्रारणातल्या चढउतारांच्या नंतरच्या नकाशांचे स्पष्टीकरणही महास्फोटाच्या सिद्धांताने फार कमी गृहीतकांत दिले. पुराव्याची ही बाजू कबूल केली पाहिजे. तरीही हटवादाचा आरोप मला मान्य नाही. नारळीकर यांनी आपले म्हणणे आकड्यांत आणि तपासता येईल अशा भाकितांत मांडले, आणि पुण्यात १९८८ मध्ये उभारलेल्या आयुका या संस्थेत त्यांच्या मताविरुद्ध काम करणारे संशोधक निर्धास्तपणे वाढले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तोवर आरंभाचा क्षण हे विज्ञानाचे सिद्ध सत्य नव्हे, असे ते सांगत राहिले. तेवढ्यापुरते ते बरोबरच होते. शाळेच्या पुस्तकांनी आणि वृत्तपत्रांनी ‘१,३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व दाट आणि तप्त होते’ आणि ‘१,३८० कोटी वर्षांपूर्वी काळ सुरू झाला’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवली पाहिजेत. पहिल्याला भक्कम पुरावा आहे, दुसऱ्याला अजून नाही.

कांटच्या कोड्यातला दुसरा भाग, अवकाशाचा, या सगळ्या वादात जवळजवळ जसाच्या तसा राहिला. आपल्याला दिसू शकणारे विश्व सर्व दिशांना सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षे पसरले आहे. प्लांक उपग्रहाच्या आणि दीर्घिकांच्या नकाशांच्या एकत्रित मोजमापानुसार अवकाशाची वक्रता शून्याशी जुळते. फरक असलाच तर हजारात काही भागांच्या आतला. वक्रता नेमकी शून्य असेल आणि अवकाशाची रचना साधी असेल, तर ते अमर्याद आहे. पण अवकाश स्वतःवरच गुंडाळलेले असू शकते, आणि मग शून्य वक्रता असूनही ते मर्यादित राहील. तसे असेल तर सूक्ष्मतरंग प्रारणात एकसारख्या वर्तुळांच्या जोड्या दिसाव्यात म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी त्या शोधल्या. अजून एकही सापडलेली नाही. कुठलेही मोजमाप त्रुटीच्या मर्यादेसकटच येते, त्यामुळे वक्रता अगदी शून्य आहे हे ते कधीच दाखवू शकत नाही. वक्रता निश्चितपणे धन निघाली किंवा ती वर्तुळे सापडली, तर अवकाश मर्यादित आहे हे एखाद्या दिवशी कळेल. ते अनंत आहे, हे मात्र कोणत्याही दुर्बिणीला कधीच सिद्ध करता येणार नाही.